वरवंट्याची कावीळ

द्वारकाबाईची धाकटी लेक दैवशाला उजवली ते साल दोन हजार तेवीस. लग्न मे महिन्यातलं. टँकरवाल्यानं ऐन वेळी दगा दिला, म्हणून मांडवातलं पाणी ओढ्याकाठच्या विहिरीतून भरलं. पंगती उठल्या, नवरी नांदायला गेली आणि महिन्याभरानं टेंभरखेड्यात एकेक माणूस पिवळं पडायला लागलं. आधी ताप, मग ओकाऱ्या, मग लघवी कोऱ्या चहासारखी आणि डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. निम्म्या गावाला कावीळ झाली. गावानं तिचं नावच ठेवलं, 'दैवशालाच्या लग्नाची कावीळ'. द्वारकाबाई हातपंपावर गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

त्याच सुमाराला जाफराबादच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये पितांबर महाराज उतरले.

ते कुठले, आधी काय करत होते, हे कुणी विचारलं नाही. म्हैस विकत घेताना जो माणूस तिचे दात मोजतो, शेपूट उचलून बघतो, दहा जणांना विचारतो, तोच माणूस महाराजाला काही विचारत नाही. महाराजांनी पिवळं सोवळं नेसलं होतं, कपाळावर पिवळा पट्टा ओढला होता आणि आवाज असा की माईक नसला तरी चालावं. दर रविवारी शेडबाहेर जीपा लागायच्या. भोकरदनकडून, देऊळगावकडून माणसं यायची. पोरं खांद्यावर, म्हातारी माणसं पाठीवर. बाहेर भेळवाला आणि नारळवाला. आत, जिथं कधी कापसाचे ढीग असायचे, तिथं आता रोग्यांची रांग.

"बोला, डॉक्टर काय काढतो?" महाराज विचारायचे.

"रक्त!" सगळी शेड ओरडायची.

"आन् महाराज काय काढतात?"

"रोग!"

"रक्त काढलं तर माणूस वाळतो. रोग काढला तर माणूस फुलतो. चला, हात पुढं!"

मग तो चमत्कार व्हायचा. पुंजाराम नावाचा शिष्य आधी रोग्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत 'तीर्थ' चोळायचा. तपकिरी, तुरट वासाचं ते पाणी हाताला लागलं की कातडी आखडल्यासारखी व्हायची. ते वाळलं की महाराज समोर पितळी परात ठेवायचे, तांब्यातलं मंतरलेलं पाणी धारेनं हातावर सोडायचे आणि डोळे मिटून चोळायला लागायचे. तांब्यातलं पाणी नितळ असायचं. परातीत पडायचं ते पिवळंजर्द!

"बघा! बघा! हे तुमच्या लिव्हरमधलं! सात पिढ्यांचं पिवळं!"

द्वारकाबाईची चुलत जाऊ कौसल्या पहिल्या रविवारी गेली आणि परत येऊन गावभर सांगत सुटली. "अगं माय, नुस्तं पिवळं! परात भरली. इतकं पिवळं माझ्या अंगात आल्तं कुठून?" मग द्वारकाबाईकडं बघून, "आल्तं कुठून ते ठाऊक हाये म्हना सगळ्यायला."

महिन्या-दीड महिन्यात सगळे बरे झाले. द्वारकाबाईची सून शीतल बरी झाली, कौसल्या बरी झाली, कौसल्याचा नवरा भाकरीवर भाकरी हाणायला लागला. गावानं महाराजांची मिरवणूक काढली. द्वारकाबाईनं तर डोकं त्यांच्या पायावर आपटलं. गावाचा रोग उतरला तसा तिच्या लेकीच्या लग्नावरचा डागही उतरला, असं तिला वाटलं. महाराजांवर तिच्याइतका विश्वास कुणाचाच नव्हता.

पोळ्याच्या दिवशी तिचा नवरा रामराव बैलांच्या शिंगांना रंग देत होता. ती आरतीचं ताट घेऊन गेली. रामरावनं मान वर केली. त्याचे डोळे पिवळे होते.

"मला बी गाठलंच की लग्नानं," रामराव हसून म्हणाला.

घरात कुणी घाबरलं नाही. कावीळ म्हणजे काय आणि तिचं काय करायचं, हे आता सगळ्या गावाला पाठ झालं होतं. मुलगा कल्याण रविवारी बापाला मोटारसायकलवर बसवून शेडमध्ये घेऊन गेला. परात पिवळी झाली. महाराजांनी दिवाळीपर्यंतचा नेम दिला. तेल नाही, हळद नाही, आंबट नाही. आणि सुई नाही. "सुई टोचली की अंगातलं पिवळं घाबरतं आन् रक्तात पळून बसतं. मंग ते ब्रह्मदेवाला बी निघत न्हाई. शब्द दे!" रामरावनं परातीवर हात ठेवून शब्द दिला.

पण रामरावचा रोग शहाण्यासारखा वागेना. इतरांना पिवळं पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत भूक लागली होती. याला दोन घासांत पोट भरल्यासारखं व्हायचं. अंगाला अशी खाज सुटायची की तो खाटेच्या दोरीला पाठ घासायचा, आणि दोरीला रक्त लागायचं. धोतर कंबरेवरून घसरायला लागलं. दर रविवारी परात पिवळी व्हायची आणि दर सोमवारी माणूस आणखी पिवळा दिसायचा. मग एका रविवारी महाराजांनी भर शेडमध्ये द्वारकाबाईकडं बोट केलं.

"मी काढून राह्यलो, आन् ही बाई घालून राह्यली! हिनं पथ्य मोडलंय. हिच्या हातचं खाऊ नको, रामराव."

दोनशे माणसांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"म्या कायबी घातलं न्हाई," ती म्हणाली. "मीठ-भाकरीशिवाय त्यायच्या पोटात काय जातंय? ते बी जात न्हाई."

"लग्नात गावाला विख पाजलं," मागून कौसल्याचा आवाज आला, "आता नवऱ्याला."

घरी आल्यावर कल्याणनं आईशी बोलणंच टाकलं. बापाची भाकरी शीतल थापू लागली. द्वारकाबाईनं धीर करून विषय काढला, "आपन जालन्याला दाखवू. एकदा रक्त तपासू." तर कल्याण उसळला.

"सुई लावली तर मरतील बापू! शब्द दिलाय त्यांनी. तुला त्यांना मारायचंय का?"

"वाळून चाल्ले रे ते."

"तुझ्यामुळं!"

रामराव भिंतीला टेकून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "द्वारके, मी शब्द मोडनार न्हाई. दिवाळी होऊ दे."

द्वारकाबाईनं त्याच्या मनगटाकडं बघितलं. तिच्या मनगटापेक्षा ते बारीक झालं होतं. दिवाळीला अजून महिन्याच्या वर अवकाश होता. एवढा वेळ या माणसाकडं नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता जालन्याच्या एसटीत बसली. गावातल्या राजानंद गुरुजींची मुलगी प्रीती डॉक्टर झाली होती आणि जालन्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. लहानपणी ही पोर द्वारकाबाईच्या शेतात बोरं वेचायला यायची.

"काकू, तुम्ही? एकट्या?"

"पोरी, मला फकस्त गोळ्या दे. रक्त-बिक्त काढायचं न्हाई. काविळीच्या चांगल्या गोळ्या दे, मी भाकरीत घालून चारते."

प्रीतीनं तिला पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काकांचं पोट कधीपासून बिघडलंय?"

"ते लई दिवसाचं. वर्षापासून सोडा खाऊन राह्यलेत. लग्नात तर पंगतीत बसले आन् अर्धी पोळी टाकून उठले. सोयरे रागावले."

"म्हणजे लग्नाच्या आधीपासून."

"व्हय."

"मग जो आजार लग्नाच्या आधीपासून आहे, तो लग्नाच्या पाण्यानं कसा होईल?"

हे द्वारकाबाईला कधी सुचलंच नव्हतं. अख्ख्या गावाला सुचलं नव्हतं. त्या वर्षी जो पिवळा पडला तो लग्नाचाच, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं.

"काकू, कावीळ म्हणजे आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे," प्रीती म्हणाली. "घरातून धूर निघाला म्हणजे आत काहीतरी जळतंय एवढं कळतं. चूल जळतेय की छप्पर, ते आत जाऊन बघावं लागतं. जूनमध्ये आरोग्य केंद्राच्या लोकांनी गावातल्या काही जणांचं रक्त नेलं होतं ना? ते माझ्याकडंच आलं होतं. त्यांची कावीळ पाण्यातून येणाऱ्या विषाणूची. ती बहुतेक माणसांची आपली आपण बरी होते, महिना-दीड महिन्यात. महाराज आले नसते तरी शीतलवहिनी बरी झाली असती."

"आन् ते पिवळं? परातीतलं? ते तर म्या डोळ्यांनी बघितलं."

प्रीती उठली आणि तिला प्रयोगशाळेच्या काचेजवळ घेऊन गेली. आत टेबलावर तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली होती. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाला असतात तसे तिला इवले इवले खळगे, ओळीनं. काही खळग्यांतलं पाणी कोरं होतं, काहींतलं पिवळंजर्द.

द्वारकाबाईनं काचेला नाक लावलं. मग ती मागं सरली आणि तिच्या आवाजात राग आला.

"मंग तुझ्यात आन् त्यायच्यात फरक काय गं? ते बी पिवळं दाखवतात, तू बी पिवळंच दाखवून राह्यलीस!"

"हा प्रश्न शेडमध्ये एकानं तरी विचारायला पाहिजे होता," प्रीती म्हणाली. "आता बघा. एकेका खळग्यात एकेका रोग्याच्या रक्तातलं पाणी आहे. विषाणूची खूण सापडली तर पिवळं होतं, नाही तर कोरं राहतं. पण हा पहिला खळगा रोग्याचा नाही. आजार नाही हे आधीच पक्कं ठाऊक आहे, असं रक्त मी त्यात मुद्दाम घालते. आणि हा शेवटचा. आजार आहे हे पक्कं ठाऊक असलेलं यात असतं. शेवटचा पिवळा झालाच पाहिजे आणि पहिला कोरा राहिलाच पाहिजे."

"आन् पहिलाच पिवळा झाला तर?"

"तर सगळी ताटली फेकून द्यायची. कितीही रोग्यांचं रक्त असो. निरोग्यालाही जी पिवळं ठरवते ती तपासणी खोटी. पुन्हा पहिल्यापासून करायची."

द्वारकाबाईनं काचेवरूनच पहिल्या खळग्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे तू आधी निरोग्याला उभं करतीस."

"रोज. महाराजांनी कधी निरोग्याचे हात धुतलेत?"

"निरोगी मानूस तिथं कशाला जाईल? आन् गेला तरी ते म्हनतील, तुझी कावीळ आत दडून बसलीय."

"म्हणतील. नक्कीच म्हणतील. म्हणून असं काहीतरी धुवायला द्यायला पाहिजे, की ज्याला कावीळ होणं शक्यच नाही."

ती एसटीत बसून परत निघाली तेव्हा प्रीतीचं शेवटचं वाक्य तिच्या कानात होतं. "काकू, मला काकांचं रक्त पाहिजे, आणि दुर्बिणीनं पोट आतून बघायला पाहिजे. जल्दी. दिवाळीची वाट बघू नका."

जाफराबादला ती बाजारात उतरली. पाटे-वरवंटे घडवणारी बाई रस्त्याच्या कडेला बसली होती. द्वारकाबाईनं एक वरवंटा निवडला. टाकीचे घाव ताजे होते, दगडाची भुकटी अजून झडत होती. घरी येऊन तिनं तो जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला.

रामरावला ती एवढंच म्हणाली, "रविवारी तुमी जाताच हात धुवायला. मी बी येते. भांडनार न्हाई. तुमी फकस्त डोळे उघडे ठेवा."

रविवारी शेड भरलेली होती. कल्याणनं बापाला जीपमधून आणून पुढच्या ओळीत, पोत्याला टेकवून बसवलं होतं. महाराज रंगात आले होते.

आता महाराजांची आणखी एक सोय होती. जो रोगी अंथरुणावरून उठू शकत नाही, त्याच्या माणसानं रोग्याच्या उशाशी रात्रभर ठेवलेली वस्तू आणायची. कडं आणा, नारळ आणा, पितळी गडू आणा. पुंजाराम त्या वस्तूला तीर्थ चोळायचा, महाराज ती धुवायचे आणि रोग तिकडं, खाटेवर पडल्या पडल्या उतरायचा. डोकं चालवायची ज्यांना सवय आहे त्यांनी इथंच थांबायला पाहिजे होतं. ज्या गडूला लिव्हर नाही, त्याच्यातून लिव्हरमधलं पिवळं कसं निघतं? पण हा प्रकारही महिनाभर बिनबोभाट चालला होता.

द्वारकाबाईनं पुढं होऊन लुगड्याचा धडपा सोडला.

"काय आनलंस बाई?"

"वरवंटा, म्हाराज. माझा भाऊ हाये धावड्याला. खाटंवरून उठत न्हाई. त्याच्या उशाखाली ठेवल्ता."

मागं कौसल्या शेजारणीला म्हणाली, "हिला भाऊ कुठला?" शेजारणीनं तिला गप्प केलं. रामरावनं मात्र मान वर केली. तो बायकोकडं बघत राहिला.

पुंजारामनं वरवंट्याला तीर्थ चोळलं. महाराजांनी तांब्या तिरका केला, डोळे मिटले, चोळायला सुरुवात केली. परातीत पिवळ्या धारा पडायला लागल्या.

"अरेरेरे!" महाराजांनी कपाळाला हात लावला. "केवढं पिवळं! लिव्हर पार सडलंय पोराचं! बाई, तुझ्या भावाला न्यायला यम दारात उभा हाये!"

शेडमध्ये च्-च् सुरू झालं.

"वाचंल का म्हाराज?"

"माझ्याकडं आलीस म्हनून वाचंल. पाच रविवार हा वरवंटा आन. आन् दिवाळीपतूर भावाला सुई लावू नको!"

"त्याला कशाची सुई टोचते म्हाराज," द्वारकाबाई म्हणाली, "टाकीशिवाय काय टोचतच न्हाई त्याला. मला भाऊ न्हाई. हा वरवंटा म्या जाफराबादच्या बाजारातून आनलाय. त्याच्यावर आजवर मिरची बी वाटली न्हाई. त्याला कोनच्या मांडवात पानी पाजल्तं?"

क्षणभर शेडमध्ये कुणाला काही कळलं नाही. मग एक-दोन जण हसले. मग कुजबुज वाढली. कल्याण लाल होऊन उठला.

"आई! बस खाली!"

"खोटं बोलून राह्यली ही!" मागून परगावचा कुणीतरी ओरडला.

"खोटं न्हाई," पोत्याला टेकलेला रामराव म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता, पण शेड गप्प झाली. "हिला भाऊ न्हाई. मायबापाला ही एकलीच. म्या जावई हाये त्या घरचा, मला ठाऊक हाये."

महाराज कसलेले होते. त्यांनी वरवंटा दोन्ही हातांनी वर उचलला. "अरे येड्यांनो! दगडात देव असतो का न्हाई?"

"असतो!" सवयीनं काही आवाज आले.

"मंग दगडात देव असतो तर रोग का नसावा?"

"बराबर!" कुणीतरी म्हणालं. पण या वेळी त्या 'बराबर'नंतर हसू आलं, आणि ते महाराजांना आवडलं नाही.

"रोग हाये का?" द्वारकाबाई म्हणाली. "मंग तुमच्या पुंजारामचं तीर्थ न लावता धुवा. नुस्त्या मंतरलेल्या पान्यानं. रोग असंल तर तसा बी निघंल."

"ही बाई नास्तिक हाये! हिला बाहेर काढा!"

दोघे-तिघे तिच्या अंगावर धावून आले. एकानं दंड धरला. कौसल्या ओरडली, "गावाचं वाटोळं करून अजून समाधान न्हाई झालं का?" तेवढ्यात, ठरल्याप्रमाणे जालन्याहून येऊन दारात उभी असलेली प्रीती पुढं आली. तिच्या हातात बाटली होती आणि बाटलीत तपकिरी पाणी.

"ही कोन?"

"राजानंद मास्तराची पोर."

"वस्तीतली पोरगी आता आमाला देव शिकवनार!"

"देव नाही शिकवत," प्रीती म्हणाली. "तुमच्यापैकी कुणाकडं चुन्याची डबी आहे? तंबाखूच्या चुन्याची?"

ती कुणाकडं नव्हती? वीस-पंचवीस हात नकळत खिशाकडं गेले. एका म्हाताऱ्यानं डबी पुढं केली. प्रीतीनं तांब्याभर पाण्यात चुना कालवला आणि चुना तळाशी बसून वरचं पाणी निवळेपर्यंत थांबली. तेवढा वेळ शेड उभी राहिली. निम्मी तिला मारायला आणि निम्मी बघायला.

"कल्याणदादा, तुम्हाला कावीळ झाली होती?"

"न्हाई," कल्याण गुरगुरला. "मी लग्नाच्या दिवशी पान्याच्या बाटल्या वाटून राह्यल्तो सोयऱ्यायला. विहिरीचं पेलोच न्हाई."

"हात पुढं करा."

त्यानं बापाकडं बघितलं. रामरावनं मान हलवली. कल्याणनं हात पुढं केले. प्रीतीनं बाटलीतलं तपकिरी पाणी त्याच्या हातांना चोळलं, वाळू दिलं आणि वरून चुन्याची निवळी सोडली. कल्याणच्या बोटांतून पिवळंजर्द पाणी खाली गळायला लागलं.

तो हातांकडं बघतच राहिला.

"हे बाटलीतलं पाणी आंब्याच्या सालीचं आहे," प्रीती म्हणाली. "साल उकळायची, गाळायची. तिच्यातला रंग चुन्याच्या पाण्यात पिवळा होतो, आणि महाराजांच्या तांब्यात तेच चुन्याचं पाणी असतं. माणसाच्या हातावर होतो, दगडावर होतो, गडूवर होतो. मी येताना बघितलंय, तुम्हीही शेडच्या मागं जाऊन बघा. त्या आंब्याची साल तुमच्या उंचीपर्यंत सोललेली आहे. ती काही शेळ्यांनी खाल्ली नाही."

पाच-सहा जण मागं धावले. आंबा मनगटापासून कोपरापर्यंत सोललेल्या हातासारखा उभा होता. ते परत आले तेव्हा पुंजाराम जागेवर नव्हता. महाराज तांब्या, परात आणि थैली यांपैकी थैली तेवढी घेऊन मागच्या दारानं निघाले होते. त्यांना कुणी अडवलं नाही. ज्या माणसांनी आपली तीन-चार महिन्यांची भक्ती त्या परातीत ओतली होती, ती माणसं त्यांना अडवण्यापेक्षा एकमेकांची तोंडं चुकवण्यात गुंतली होती. राग निघाला तो द्वारकाबाईवरच. "तुला ठाऊक होतं तर आधी का न्हाई सांगितलं?" असं कौसल्या तिला विचारत होती. मूर्ख ठरल्याचा राग ज्यानं मूर्ख बनवलं त्याच्यावर क्वचितच निघतो.

द्वारकाबाईचं लक्ष तिकडं नव्हतं. ती रामरावपुढं उकिडवी बसली होती.

"बघितलं?"

"बघितलं."

"देनार का रक्त?"

रामरावनं परातीकडं बघितलं, जिच्यावर हात ठेवून त्यानं शब्द दिला होता. आणि मग त्यानं सदऱ्याची बाही वर सारली. "चल. जीप उभीच हाये."

जालन्याला त्याच संध्याकाळी रक्त घेतलं. प्रीतीनं विषाणूच्या काविळीच्या सगळ्या तपासण्या लावल्या. रामरावचे खळगे कोरे राहिले. ना पाण्यातून येणारी, ना रक्तातून येणारी. म्हणजे छप्पर दुसरीकडंच जळत होतं. डॉक्टरांनी दुर्बिणीची नळी घशातून पोटात घातली आणि जठराच्या खालच्या टोकाला जो व्रण दिसला त्याचे तांदळाएवढे तुकडे काढले. ते तुकडे औषधात मुरवले, मेणात बसवले, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापले, रंगात बुडवले. मग प्रीतीनं ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि द्वारकाबाईला बोलावलं.

"आधी हे बघा. हे निरोगी जठर."

द्वारकाबाईनं डोळा लावला. नांगरलेल्या रानातल्या तासांसारख्या सरळ, एकसारख्या ओळी होत्या.

"आणि हे काकांचं."

तास नव्हते. सगळीकडं वेडंवाकडं, काळसर, गच्च माजलेलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. जन्मभर तिनं खुरपणी केली होती.

"क्यान्सर," ती म्हणाली.

"हो. त्याच्या गाठींनी पित्ताची नळी दाबलीय, म्हणून पिवळे पडलेत. काविळीचा त्या लग्नाशी काही संबंध नाही."

"आधी आनलं असतं तर?"

प्रीतीनं खोटं सांगितलं नाही. "वर्षापूर्वी, पोट बिघडलं तेव्हा आणलं असतं तर ऑपरेशन झालं असतं कदाचित. पोळ्याला आणलं असतं तर अंगात ताकद असताना औषधं देता आली असती. नक्की वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण जे दिवस गेले, ते गेले."

डॉक्टरांनी पित्ताच्या दबलेल्या नळीत दुसरी नळी बसवली. पंधरा दिवसांत रामरावचे डोळे पांढरे झाले, खाज थांबली. मंत्र नव्हता, परात नव्हती. खाटेच्या दोरीला पाठ न घासता तो झोपायला लागला. दैवशाला माहेरी येऊन राहिली आणि बापानं तिला जवळ बसवून सांगितलं, "तुझ्या लग्नानं कायबी झालं न्हाई मला. गावाला बी झालं ते विहिरीच्या पान्यानं. ती विहीर मी बुजवायला सांगितलीय कल्याणला." कल्याणनं ती बुजवली नाही. उपसली, कठडा बांधला, शेजारचा संडासाचा खड्डा लांब हलवला आणि पाण्यात औषध टाकायची जबाबदारी स्वतःकडं घेतली. आईशी तो पहिल्यासारखा बोलायला लागला, म्हणजे भांडायला लागला.

राजानंद गुरुजींनी पोलिसात तक्रार दिली. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पितांबर महाराज सापडले नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या रंगाचं सोवळं नेसून ते कुठंतरी बसले असतील, आणि तिथंही एखादं आंब्याचं झाड सोललं जात असेल.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासा. पाण्याची कावीळ वेगळी, रक्तातून येणारी वेगळी, गाठीनं पित्त अडल्याची वेगळी. त्यांना वेगळं करणारी तपासणी सरकारी दवाखान्यात होते, त्यासाठी परात लागत नाही. जेवण दोन घासांवर आलं, वजन उतरायला लागलं, तर सोडा खात वर्ष काढू नका. आणि कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करायच्या आधी एकच मागणी करा, निरोग्यावर करून दाखवा म्हणावं. तिथंही तोच चमत्कार झाला, तर तो रोगाचा नव्हे. सुईची भीती जो घालतो, तो तुमच्या रोगाला नव्हे, तुमच्या तपासणीला घाबरतो. तपासणीला जो घाबरतो त्याच्या हाती घरचं माणूस देऊ नका.

रामराव जठराच्या कर्करोगानं अकरा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, रविवारी सकाळी, टेंभरखेड्यात आपल्या घरी वारले. त्यांचं वय बासष्ट होतं.